संगणकाचे रक्षण : आस्रव आणि संवर

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल पर्वात तप, दान, शिक्षण अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची व्याख्याने आपण ऐकली. त्या मालिकेत 'घरचा संगणक आणि त्याची सुरक्षा' हा विषय एका कापड व्यापाऱ्याकडे सोपवला गेला, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, संगणकशास्त्राचा नव्हे. परंतु रोजमेळ आणि खतावणी वहीतून संगणकात गेली, तेव्हा तिच्यामागे मलाही जावे लागले. रात्री पेढी बंद करताना तिजोरीचे कुलूप दोनदा ओढून पाहणारा मनुष्य हिशेबाचा संगणक मात्र उघडाच ठेवून घरी जातो, ही विसंगती मला कित्येक पेढ्यांतून दिसत आली आहे. विश्वस्तांची आज्ञा शिरोधार्य मानून त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून एक बदल फारसा गाजावाजा न होता घडून गेला. मुदत ठेवीच्या पावत्या, विमा, समभाग, आयकराचे विवरणपत्र, मुलांची प्रमाणपत्रे, लग्नकार्याची छायाचित्रे हे सारे लोखंडी कपाटातून निघाले आणि एका लॅपटॉपमध्ये किंवा खिशातील मोबाइलमध्ये जाऊन बसले. मुले पुण्याला, बंगळुरूला, काही थेट अमेरिकेत स्थायिक झाली. घरी राहिले ते सत्तरीतले आईवडील आणि मुलाने नवा घेतल्यावर त्यांच्यासाठी ठेवलेला जुना लॅपटॉप. आपल्या संस्थेचेही तेच झाले आहे. पन्नास वर्षांच्या सभासद-नोंदी, देणगीदारांची सूची, पाठशाळेची हजेरी, भोजनशाळेचा हिशेब हे सर्व आपल्या युवकांनी परिश्रमपूर्वक संगणकात उतरवले. ज्यांनी पहिल्या दिवशी अकरा रुपये दिले, त्यांचेही नाव त्यात आहे. ती सारी पुण्याई आज कार्यालयातील एकाच पेटीत साठलेली आहे, आणि त्या पेटीला कुलूप आहे की नाही हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल, याबद्दल मला शंका आहे.

'विषाणू' या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. धुळीने, उष्णतेने किंवा संगणक जुना झाल्याने तो आपोआप उत्पन्न होतो, असे समजणारे आजही भेटतात. आपल्या परिभाषेत सांगायचे, तर तो संमूर्च्छिम जीव नव्हे. कोणीतरी मनुष्य बसून हेतुपुरस्सर लिहितो असा तो आज्ञांचा संच असतो. १९८६ साली लाहोरच्या बासित व अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा घरगुती वापराच्या आयबीएम जातीच्या संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू मानला जातो. ते स्वतः वैद्यकीय उपयोगाचे सॉफ्टवेअर विकत असत, आणि लोक त्याच्या चोरून प्रती काढतात या रागातून हा उद्योग झाला, असे ते सांगत. त्या विषाणूत त्यांनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घालून ठेवले होते! त्या काळच्या विषाणूकर्त्यांचा हा भोळेपणा पुढे राहिला नाही. त्यांचा विषाणू फ्लॉपीतून फिरत असे, म्हणजे तो मनुष्याच्या पायी चालण्याच्या वेगानेच पसरे. इंटरनेट आल्यावर तो वेग बदलला. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' या ईमेलने काही तासांत निम्मे जग पालथे घातले. पत्राला जोडलेली फाइल प्रेमपत्र वाटत होती, प्रत्यक्षात ती आज्ञांची फाइल होती. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत फाइलच्या नावाचे शेवटचे अक्षरसमूह लपवले जात, म्हणून ती साधा मजकूर भासली. ज्याने ती उघडली त्याच्या पत्तेवहीतील सर्वांना त्याच्याच नावाने तेच पत्र गेले. त्या देशात तेव्हा असा गुन्हा ठरवणारा कायदाच नसल्यामुळे संशयितास शिक्षाही होऊ शकली नाही. ओळखीच्या माणसाकडून आलेले पत्र म्हणून लोकांनी ते उघडले, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने ते अभिमानाचे आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरच्या काटकर घराण्यातील कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीसाठी संगणक येऊ लागले तेव्हा बिघाडाचे मूळ अनेकदा विषाणूत सापडे. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनी त्यावर उतारा लिहिला आणि त्यातून 'क्विक हील' हा अँटिव्हायरस जन्मास आला. २०१६ साली त्यांची कंपनी भांडवल बाजारात नोंदली गेली. दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकाची खरी अडचण ओळखणे हेच त्यांचे भांडवल होते. व्यापारी मनुष्याला यापेक्षा वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता हा अँटिव्हायरस नेमके काय करतो? रेल्वे स्थानकावर पोलिसांनी लावलेला सराईत चोरांच्या छायाचित्रांचा फलक आपण पाहिलेला आहे. अँटिव्हायरसकडे तशीच एक सूची असते. संगणकात येणारी प्रत्येक फाइल तो त्या सूचीशी ताडून पाहतो, आणि साम्य आढळल्यास ती फाइल वेगळ्या कोठडीत बंद करतो. परंतु नव्या चोराचे छायाचित्र फलकावर नसते. म्हणून दुसरी पद्धत वागणुकीची. एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फाइली बदलू लागला, अथवा पासवर्ड साठवलेल्या जागी डोकावू लागला, तर त्याचे नाव माहीत नसले तरी त्याला अडवायचे. या दोन्ही पद्धतींसाठी सूची रोज ताजी व्हावी लागते. आपल्या धंद्यातील उदाहरण देतो. कापडाच्या ताग्यांना कसर लागू नये म्हणून कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवतात. त्या गोळ्या हवेत विरत जातात. तीन वर्षांपूर्वी ठेवलेल्या गोळीची रिकामी पुडी कपाटात आहे म्हणून माल सुरक्षित आहे, असे कोणताही कापडवाला मानणार नाही. मुदत संपलेला अँटिव्हायरस म्हणजे ती रिकामी पुडी होय. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचे चिन्ह दिसत राहते आणि मालक निश्चिंत राहतो.

मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा की, विकतचा अँटिव्हायरस घ्यावाच का? विंडोज १० आणि ११ मध्ये माइक्रोसॉफ्टचा 'डिफेंडर' अंगभूतच असतो, त्याचे वेगळे मूल्य द्यावे लागत नाही, आणि सर्वसाधारण घरगुती वापरास तो पुरेसा आहे, असे माझे मत आहे. विकत घ्यायचाच असेल तर नामांकित कंपनीचा घ्यावा, पावतीसह घ्यावा आणि वेळेवर नूतनीकरण करावे. नूतनीकरण करायचे नसेल तर तो काढून टाकावा, म्हणजे अंगभूत डिफेंडर पुन्हा कामास लागतो. एकाच संगणकात दोन अँटिव्हायरस कदापि ठेवू नयेत. एका दारावर दोन पहारेकरी ठेवले की ते परस्परांवरच संशय घेत बसतात आणि संगणक मात्र संथ होतो. इंटरनेट पाहताना अचानक लाल चौकट येऊन 'तुमच्या संगणकात सतरा विषाणू आहेत, या क्रमांकावर त्वरित फोन करा' असे दरडावले, तर ती चौकट हाच चोर समजावा. खरा अँटिव्हायरस फोन करायला सांगत नाही.

पहारेकरी कितीही चांगला असला तरी तो मनुष्याने घडवलेला आहे, हेही ध्यानात असावे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या नामवंत सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज संगणक एकाएकी बंद पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. चोर कोणीच नव्हता, पहारेकरीच दारात कोसळला होता. म्हणून पहारा काढून टाकावा असा अर्थ नाही, परंतु सारा भार त्याच्यावर टाकून आपण झोपी जावे, असेही नाही.

आपल्या शास्त्रकारांनी आस्रव आणि संवर समजावताना नावेचा दृष्टान्त दिला आहे. नावेला छिद्रे पडली की पाणी आत येते, तो आस्रव. छिद्रे बुजवणे हा संवर आणि साचलेले पाणी उपसणे ही निर्जरा. छिद्रे तशीच ठेवून जो केवळ पाणी उपसत बसतो, त्याच्या श्रमाला अंत नाही. तत्त्वज्ञानाचा हा गहन विषय संगणकासारख्या जड वस्तूला लावण्याचे धाडस करतो, त्याबद्दल विद्वज्जनांनी क्षमा करावी. पण अँटिव्हायरसचे काम मुख्यत्वे उपसण्याचे आहे. छिद्रे बुजवण्याचे काम अपडेट करतात, आणि आपण नेमके त्यांनाच 'नंतर पाहू' म्हणून टाळतो.

याचे मोठे उदाहरण २०१७ चे आहे. विंडोजमधील एका छिद्राची दुरुस्ती माइक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विनामूल्य उपलब्ध करून दिली. १२ मे रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी, त्याच छिद्रातून 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू शिरला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली त्याने कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी तीनशे डॉलरची खंडणी मागितली. इंग्लंडमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्यांनी मार्चमधील अपडेट घेतले होते, त्यांच्या संगणकात हा विषाणू त्या छिद्रातून शिरू शकला नाही. या दोन महिन्यांच्या प्रमादाचे मोल शेवटी रोग्यांनी मोजले. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात प्रभूंनी गौतमस्वामींसारख्या गणधरांनाही क्षणमात्र प्रमाद न करण्याचा उपदेश केला आहे. आपण तर सामान्य श्रावक.

घरी ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपचा प्रश्न येथेच येतो. विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० पासून थांबली आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि त्यानंतरची वर्षभराची वाढीव सुरक्षा-अपडेट केवळ नावनोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी ठेवली गेली. बरेच जुने लॅपटॉप विंडोज ११ स्वीकारत नाहीत. अशा यंत्रावर प्रवचने ऐकावीत, स्तवने ऐकावीत, नातवंडांची छायाचित्रे पाहावीत, पण बँकेचा व्यवहार करू नये. मुलांना माझे सांगणे असे आहे की, जुना लॅपटॉप आईवडिलांना देताना त्याची ही आयुर्मर्यादा पाहून द्यावा. वापरून जीर्ण झालेले वस्त्र आपण दान म्हणून देत नाही.

आता जरा अवघड जागी हात घालतो. विंडोज, हिशेबाचे सॉफ्टवेअर, डीटीपीचे सॉफ्टवेअर यांच्या चोरट्या प्रती आपल्या पेढ्यांतून व घरांतून सर्रास वापरल्या जातात. संगणक जोडून देणारा मुलगा 'साहेब, क्रॅक टाकून देतो' म्हणतो आणि आपण काही हजार रुपये वाचल्याच्या आनंदात त्याला चहा पाजतो. तो 'क्रॅक' चालवण्यासाठी पहिली पायरी म्हणून अँटिव्हायरस बंद करावा लागतो, हे कोणाच्या लक्षात येते का? घरफोड्याने पहारेकऱ्याला घरी पाठवण्याची अट घालावी आणि मालकाने ती मान्य करावी, तसा हा प्रकार आहे. अशा क्रॅकमधून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम मोठ्या प्रमाणावर पसरतात. पण विषाणू बाजूला ठेवा. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे जे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आलोचतो, त्यांत चोराने आणलेला माल घेणे आणि अस्सल म्हणून नक्कल खपवणे हे दोन्ही येतात. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते अदत्तादानातून सुटत नाही. ज्यांना खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी 'लिबरऑफिस'सारखे विनामूल्य व पूर्णतः कायदेशीर पर्याय आहेत. पत्रव्यवहार, तक्ते, यादी हे संस्थेचे काम त्यावर निर्वेधपणे चालू शकते.

खंडणीखोर विषाणूची बाधा जवळून पाहण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी आमच्याच बाजारपेठेत आला. एका सुताच्या व्यापाऱ्याच्या पेढीतील संगणक मार्चअखेरीच्या आठवड्यात उघडला, तो प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी अक्षरे आणि पडद्यावर खंडणीचे पत्र. सात वर्षांची येणी-देणी आत अडकली. बॅकअप घेतलेला होता, पण तो ज्या हार्ड डिस्कवर होता ती त्याच संगणकाला अहोरात्र जोडलेली, त्यामुळे तीही कुलूपबंद झाली. खंडणी न देण्याचा निर्णय त्यांनी घेतला, तो योग्यच होता. मग पिता-पुत्र आणि मुनीम उन्हाळाभर बिलबुके, बँकेची पासबुके आणि गिऱ्हाइकांकडील नोंदी जुळवत बसले. ज्या उधारीची कागदी नोंद नव्हती, ती गिऱ्हाइकाच्या सचोटीवर सोडावी लागली. काहींनी स्वतः येऊन रक्कम सांगितली, काही आले नाहीत.

२७ जून २०१७ रोजी पसरलेल्या 'नॉटपेट्या' या विषाणूची कथा तर आपल्या न्हावाशेवा बंदरापर्यंत येऊन पोहोचली होती. युक्रेनमधील व्यापारी वापरत असलेल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच तो कोणी घालून ठेवला होता. तेथून तो मर्स्क या जहाज कंपनीत शिरला, आणि तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावाशेव्याच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कंपनीच्या जाळ्याचा कणा असलेले मुख्य संगणक जगभर पुसले गेले. एकाचीच प्रत वाचली, ती आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात. का, तर हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती आणि तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून पुढील उभारणी झाली. भारनियमनाला आपण आयुष्यभर दूषणे दिली, पण त्याने एवढ्या मोठ्या कंपनीला हात दिल्याचे हे उदाहरण आहे.

घानाच्या वीजबिघाडातून आपल्याला घेण्यासारखे तेच आहे. बॅकअप तोच, जो जोडलेला नाही. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी वेगळ्या जागी, असा जाणकारांचा दंडक आहे. हार्ड डिस्क बॅकअपपुरती जोडायची, काम होताच काढून कपाटात ठेवायची. पेढीत दर शनिवारी, घरी महिन्यातून एकदा, पाक्षिक प्रतिक्रमणाचा दिवस ठरवला तर विसर पडणार नाही. आणि सहा महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरील फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. घडी न मोडता ठेवलेल्या ताग्याला आतून भोक पडलेले असू शकते.

आतापर्यंत यंत्राच्या छिद्रांविषयी बोललो. पण आज बहुतेक धन जाते ते यंत्राच्या छिद्रातून नव्हे, तर आपण स्वहस्ते उघडलेल्या दारातून. आपल्याच व्यवसायातील, वर्धमान या सुप्रसिद्ध वस्त्रोद्योग समूहाचे अध्यक्ष पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांच्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये जो प्रसंग आला, तो वृत्तपत्रांतून आपण वाचला असेल. सीबीआयचे अधिकारी म्हणवणाऱ्यांनी मोबाइलच्या पडद्यावर त्यांना 'डिजिटल अटक' केली, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली, खोटे शिक्के मारलेले आदेश पाठवले, कोणाशी बोलण्यास मनाई केली आणि सुमारे सात कोटी रुपये वळते करून घेतले. त्यांचे वय तेव्हा ब्याऐंशी होते. उभा उद्योगसमूह चालवणारी ही व्यक्ती. त्यांच्या कार्यालयातील संगणकांना पहारा नव्हता असे कोण म्हणेल? अँटिव्हायरस येथे काहीच करू शकत नव्हता, कारण एकही विषाणू आलेला नव्हता. कंपनीतील एका सहकाऱ्याशी बोलल्यावर कपट उघडकीस आले, तक्रार झाली आणि सुमारे सव्वापाच कोटी परत मिळवता आले. आणि या गृहस्थांनी ते लपवले नाही, स्वतः जगाला सांगितले. मला त्यांच्या उद्योगापेक्षाही ही गोष्ट मोठी वाटते.

'डिजिटल अटक' नावाची कोणतीही तरतूद भारताच्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट केले होते. चोरांची शस्त्रे दोनच असतात, लोभ आणि भय. लोभाला आपण कषाय म्हणतो आणि भयाला नोकषाय. महिन्याला दुप्पट देणाऱ्या समभागांच्या व्हॉट्सअॅप गटात लोभ असतो. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले' यात भय असते. शाकाहारी, व्यसनमुक्त, आयुष्यभर पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या आपल्या ज्येष्ठांना हे भय फार लवकर ग्रासते, कारण अब्रू हीच त्यांची पुंजी.

तिसरी गोष्ट विश्वासाची, आणि येथे ते वर्ष २००० चे प्रेमपत्र पुन्हा येते. व्हॉट्सअॅपवर ओळखीच्या क्रमांकावरून लग्नपत्रिका येते. पत्रिका म्हटली की ती चित्र किंवा पीडीएफ असावी. पण या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन अक्षरे असतात. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, मोबाइलमध्ये बसणारा प्रोग्राम. तो एकदा बसला आणि त्याने मागितलेल्या परवानग्या दिल्या गेल्या की तो बँकेचे संदेश वाचू लागतो, ओटीपी परस्पर चोराकडे पाठवतो, आणि आपल्याच नावाने साऱ्या नातेवाइकांना तीच पत्रिका धाडतो. २०२४ पासून पोलिसांनी याबाबत सावध केले आहे. वाहनाच्या दंडाची पावती, बँकेची केवायसी, वीजबिल ही त्याचीच रूपे. आपल्या समाजात लग्नसराई, प्रतिष्ठा-महोत्सव, वर्षीतपाची पारणी यांच्या पत्रिका शेकड्यांनी येतात, त्यामुळे आपण या सापळ्याच्या नेमके वाटेत उभे आहोत. संवत्सरीला येणाऱ्या 'निळ्या रेषेवर स्पर्श करा, तुमच्या नावाची क्षमापना दिसेल' अशा संदेशांनाही माझा विरोध आहे. क्षमा मागायची ती फोन करून मागावी.

फोनवरील 'बँक अधिकारी' एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर घ्यायला सांगतो, तेव्हा तो आपल्या पडद्याची किल्ली मागत असतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच याविषयी सावध केले होते. आणि यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो लागतो देण्यासाठी. एवढे एक वाक्य प्रत्येक श्राविकेने आपल्या सासूबाईंना सांगावे.

या सर्वांवर मी एक उपाय सुचवतो, तो आपल्याच घरातला आहे. सामायिकाचा काळ अठ्ठेचाळीस मिनिटांचा. अनोळखी माणसाने पैसे, ओटीपी किंवा कोणतेही ॲप मागितले, तर फोन ठेवून द्यावा आणि एक सामायिक होईपर्यंत काहीही करू नये. त्या अवधीनंतर घरातील एका माणसाशी बोलावे. चोराचा सारा धंदा घाईवर चालतो, त्याला अठ्ठेचाळीस मिनिटे परवडत नाहीत. खरी बँक आणि खरे पोलीस थांबतात.

पासवर्डविषयी फार बोलत नाही. 'नवकार१०८' हा पासवर्ड आपल्या समाजात किती जणांचा आहे, हे हात वर करून सांगू नका, चोरालाही तो माहीत आहे. ईमेलचा व बँकेचा पासवर्ड वेगवेगळा व लांब असावा. लक्षात राहत नसेल तर घरच्या कपाटातील वहीत लिहून ठेवावा, त्यात कमीपणा नाही. सर्वत्र एकच ठेवण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. ईमेल आणि व्हॉट्सअॅपला दुहेरी पडताळणी लावून घ्यावी, आणि 'माझा सहा अंकी कोड चुकून तुमच्याकडे आला, तो पाठवा' असा निरोप सख्ख्या भावाच्या क्रमांकावरून आला तरी पाठवू नये.

इतके करूनही घात झालाच, तर मात्र अठ्ठेचाळीस मिनिटे थांबू नका, त्याच क्षणी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. तो गाठायचा असेल तर पहिले काही तास मोलाचे असतात. बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवावे, मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले होते की, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना रक्कम गेली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचा तोटा त्याचा, त्यानंतरचा बँकेचा. तेव्हा लाजेने दवडलेला प्रत्येक तास रुपयांत मोजला जातो. घरातील तरुणांना माझी हात जोडून विनंती आहे की, आजोबांनी घाबरत येऊन काही सांगितले, तर 'तुम्हाला कळत कसे नाही' हे शब्द उच्चारू नका. ते ऐकावे लागतील या भीतीने कित्येक वृद्ध दोन-दोन दिवस बोलत नाहीत, आणि तेवढ्यात पैसा हाती लागण्यापलीकडे जातो.

विश्वस्त मंडळाला एक सूचना करून थांबतो. कार्यालयाच्या संगणकासाठी दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. एक कार्यालयाच्या कपाटात, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांची अदलाबदल करावी. देणगीदारांची मूळ कागदी नोंदवही संगणकात उतरली म्हणून रद्दीत देऊ नये. त्या खर्चाचा भार उचलण्याची अनुमती मला द्यावी. युवक मंडळाच्या चार कार्यकर्त्यांनी येत्या रविवारी सकाळी नऊ ते बारा या वेळेत पाठशाळेच्या सभागृहात बसण्याचे मान्य केले आहे. ज्येष्ठांनी आपला लॅपटॉप किंवा मोबाइल घेऊन यावे, अपडेट, डिफेंडर आणि दुहेरी पडताळणी तेथे पाहून दिली जाईल. लॅपटॉपचा चार्जर सोबत आणावा. पासवर्ड मात्र कार्यकर्त्याला सांगू नये, तो स्वतःच्या हाताने टाइप करावा.

जय जिनेंद्र.